पायरीचे स्थलांतर : सखल तळाच्या ट्रामगाड्यांच्या रचनेविषयी

वाहनांना आपण जी विशेषणे लावतो ती त्या वाहनांच्या अंगचे गुण सांगतात, असे सामान्यतः गृहीत धरले जाते. ‘दुमजली ट्राम’ म्हटले की दुसरा मजला त्या ट्रामला असतो; ती आगारात उभी असो वा रस्त्यावर धावत असो, तो मजला तिच्यापासून वेगळा होत नाही. ‘सखल तळाची ट्राम’ हा शब्दप्रयोगही वरवर पाहता याच जातीचा दिसतो. जर्मन भाषेतील ‘नीडरफ्लूर’, फ्रेंचमधील ‘प्लांशे बा’ आणि आपल्याकडे बसगाड्यांच्या संदर्भात रूढ झालेला ‘लो-फ्लोअर’ हे सर्व शब्द गाडीच्या तळाची उंची सांगतात. त्यापलीकडे ते काही सांगत नाहीत. परंतु ज्या हेतूने तळ खाली आणला गेला तो हेतू तळाची उंची हा नव्हे. वृद्ध स्त्रीला, बाळाची गाडी ढकलणाऱ्या आईला, चाकांच्या खुर्चीत बसून वावरणाऱ्या नागरिकाला कोणाच्याही हाताचा आधार न घेता शहरातून प्रवास करता यावा, हा तो हेतू होय. तो व्यक्त करणारे विशेषण ‘पायरीविरहित’ हे आहे, आणि ते गाडीचे विशेषण नसून प्रवासाचे आहे. या दोन विशेषणांमधील अंतर नीट ध्यानात न घेतल्यामुळे अनेक शहरांनी मोठा खर्च करूनही अपेक्षित फळ पदरात पाडून घेतले नाही.

प्रस्तुत लेखात या गाड्यांच्या रचनेचे विवेचन करावयाचे आहे. ते करताना एक सूत्र हाती धरले आहे. ते असे की, रचनाकार पायरी नाहीशी करीत नाही. तो तिला एका जागेवरून उचलून दुसऱ्या जागी ठेवतो. ती कोठे ठेवावी आणि तिचा भार कोणी वाहावा, हाच या रचनेतील मुख्य प्रश्न आहे.

१. उंचीचे मूळ

जुन्या पद्धतीच्या ट्रामचा तळ रुळाच्या पातळीपासून ८५ ते ९५ सेंटिमीटर उंच असे, आणि त्यावर चढण्यासाठी दारातच दोन किंवा तीन पायऱ्या असत. ही उंची कोणाच्या लहरीने ठरलेली नव्हती. चाकाचा व्यास ६५ ते ७० सेंटिमीटर धरला, तर दोन चाकांना जोडणारी आस रुळापासून सुमारे ३३ ते ३५ सेंटिमीटरवर येते. त्या आसेलगत विजेचे इंजिन म्हणजे मोटर आणि दंतचक्रांची पेटी बसवावयाची, त्यांच्यावर चौकट, चौकटीवर स्प्रिंगा, स्प्रिंगांना खालीवर होण्यास मोकळी जागा आणि या सर्वांच्या वर डब्याचा तळ, असा हा थर रचला जाई. तात्पर्य, प्रवासी चढत असे ती उंची प्रत्यक्षात मोटरची आणि आसेची उंची होती.

येथे एका शब्दाचा खुलासा करणे अवश्य आहे. मराठीत ‘बोगी’ हा शब्द आपण रेल्वेच्या डब्यालाच लावतो. यंत्रशास्त्रात मात्र बोगी म्हणजे डब्याखालील चाकांचा गाडा : दोन आसा, चार चाके, त्यांची चौकट आणि स्प्रिंगा मिळून होणारा संच. पुढील विवेचनात हा शब्द या दुसऱ्या अर्थाने योजला आहे.

तळ खाली आणण्याची कल्पना अलीकडची नाही. इ. स. १९१२ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रॉडवे मार्गावर हेडली आणि डॉइल यांनी रचलेली ट्राम धावू लागली. तिची दोन्ही टोके बोगींवर होती आणि मधला भाग खाली सोडून तेथेच दार ठेवले होते. त्यामुळे रस्त्यावरून एका पावलात आत जाता येई. त्या काळी घोट्यापाशी आवळलेल्या ‘हॉबल स्कर्ट’ची चाल स्त्रियांत होती, आणि असा पोशाख घालून उंच पायरी चढणे दुष्कर असे. म्हणून लोकांनी त्या गाडीला त्या पोशाखाचेच नाव दिले. मेलबर्न येथे १९२३ पासून आलेल्या ‘डब्ल्यू’ वर्गाच्या ट्रामचाही मधला भाग असाच खाली उतरवलेला होता. या दोन्ही गाड्यांत एक गोष्ट समान आहे. जेथे चाके नाहीत तेथेच तळ खाली जाऊ शकला. जेथे चाके होती तेथे तो होता तसाच उंच राहिला. पुढील सात-आठ दशकांतील सगळी धडपड या एका मर्यादेशी झालेली झुंज होय.

२. जिनिव्हा आणि ग्रनोब्ल

आधुनिक सखल तळाच्या ट्रामचा इतिहास १९८४ मध्ये जिनिव्हा येथे सुरू होतो, असे म्हणावयास हरकत नाही. व्हेवे येथील कारखान्याने जर्मनीतील ड्यूवाग कंपनीच्या साहाय्याने केलेल्या त्या सांधेजोड गाडीत मोटरी दोन्ही टोकांच्या बोगींवर ठेवल्या आणि मधल्या सांध्याखाली लहान चाकांची, मोटर नसलेली बोगी घातली. तिच्यामुळे गाडीचा सुमारे ६० टक्के तळ ४८ सेंटिमीटरपर्यंत खाली आला. पायऱ्यांची संख्या घटली. परंतु पायरी राहिलीच. ज्याचे पाय चालतात त्याला ४८ सेंटिमीटर म्हणजे अर्धा त्रास; ज्याची खुर्ची चालते त्याला मात्र ४८ काय आणि ९० काय, दोन्ही सारखेच दुर्लंघ्य.

हा भेद ग्रनोब्लमध्ये स्पष्ट झाला. फ्रान्समध्ये १९८५ साली नॉन्त शहराने नवी ट्राम सुरू केली, ती उंच तळाची आणि पायऱ्यांची होती. ग्रनोब्लने १९८३ मध्ये जनमताचा कौल घेऊन ट्रामचा निर्णय केला, तेव्हा तेथील अपंगांच्या संघटनांनी आग्रह धरला की, नव्याने सार्वजनिक पैशाने उभारावयाच्या वाहनात आम्हांला वगळले जाता कामा नये. या आग्रहामुळे गाडीचा आराखडा मुळापासून बदलावा लागला. १९८७ मध्ये जी गाडी धावू लागली तिचा तळ सुमारे दोन-तृतीयांश लांबीपर्यंत ३५ सेंटिमीटरच्या आसपास होता. मधल्या बोगीत दोन चाकांना जोडणारी सरळ आस नव्हती, त्यामुळे चाकांच्या मधून सखल वाट काढता आली. थांब्यावर फलाट उंचावला, आणि उरलेले अंतर सांधण्यासाठी दारातून बाहेर सरकणारी फळी बसविली. गाडी, फलाट आणि त्यांच्यामधील फट या तिन्हींचा विचार एकत्र केला गेला, हे ग्रनोब्लचे खरे वैशिष्ट्य होय. नॉन्तने पुढे आपल्या जुन्या गाड्यांच्या मध्यभागी सखल तळाचा एक तुकडा जोडून ती उणीव काही अंशी भरून काढली. आरंभी न केलेला विचार नंतर करावयाचा म्हणजे गाडी कापून तिच्यात नवा भाग घालावा लागतो, एवढा धडा त्यातून मिळतो.

तथापि ग्रनोब्लच्या गाडीतही पायरी होतीच. ती दारातून निघून आत गेली. दोन्ही टोकांना मोटरींच्या बोगींवर तळ उंच होता आणि तेथे जाण्यास गाडीच्या आतच पायऱ्या चढाव्या लागत. पायरीचे हे पहिले स्थलांतर.

३. आस काढून टाकली असता

संपूर्ण तळ सखल करावयाचा तर मोटरींच्या बोगींवरूनही सखल वाट काढली पाहिजे, म्हणजेच तेथील आसही दूर केली पाहिजे. ही आस काय काम करते, हे समजून घेतल्याशिवाय पुढील अडचण कळणार नाही.

पाणी प्यावयाचा साधा पेला जमिनीवर आडवा घरंगळवला तर तो सरळ जात नाही. निमुळत्या बुडाच्या बाजूला वळतो. आता असे दोन पेले तोंडाला तोंड लावून जोडले, तर मध्यभागी रुंद आणि दोन्ही टोकांना निमुळता असा आकार तयार होतो. तो दोन समांतर पट्ट्यांवरून घरंगळू दिला आणि थोडा एका बाजूला सरकला, तर त्या बाजूचा अधिक व्यासाचा भाग पट्टीवर येतो, ती बाजू अधिक अंतर कापते आणि सारा जोड पुन्हा मध्याकडे वळतो. रुळांवरील चाकांचे तत्त्व हेच आहे. चाके किंचित निमुळती असतात आणि ताठ आसेने जोडलेली असल्यामुळे एकाच गतीने फिरतात. म्हणून ती आपणहून मार्गाच्या मध्यावर राहू पाहतात. या नागमोडी गतीचे गणित योहानेस क्लिंगेल यांनी १८८३ मध्येच मांडले होते. ट्रामच्या अतितीव्र वळणांत ही व्यवस्था अपुरी पडते आणि तेथे चाकाची कडच गाडीला वळविते, हे खरे. परंतु सरळ मार्गावर आणि सौम्य वळणांत चाकांना मध्यावर राखण्याचे काम आस बिनबोभाट करीत असते.

आस काढली की दोन्ही चाके आपापल्या गतीने फिरू लागतात. मध्याकडे परत आणणारी प्रेरणा नाहीशी होते. गाडी एका बाजूला झुकली तर झुकलेलीच राहते, एका चाकाची कड रुळाला घासत जाते, चाक विषम झिजते आणि कर्कश आवाज येतो. यावर रचनाकारांनी नाना उपाय योजले. आस सरळ न ठेवता मध्ये खाली वाकविली, म्हणजे चाके जोडलेली राहतात आणि वाटही सखल होते. किंवा आस नसतानाही दोन चाकांच्या मोटरी विजेच्या नियंत्रणाने एका लयीत चालविल्या. थोडक्यात, धातूचा एक साधा दांडा जे काम फुकट करीत होता, ते काम आता अधिक गुंतागुंतीच्या साधनांकडून करवून घ्यावे लागले. प्रवाशाची पायरी गेली. ती चाक-दुरुस्तीच्या कारखान्यात जाऊन बसली.

१९९० मध्ये ब्रेमेन येथे जिचा नमुना अवतरला ती गाडी संपूर्ण सखल तळाच्या पहिल्या यशस्वी गाड्यांपैकी एक होय. तिचा तळ सुमारे ३५ सेंटिमीटरवर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अखंड होता. पुढे बर्लिन आणि म्युनिक यांनी याच कुळातील गाड्या घेतल्या. १९९४ मध्ये स्ट्रासबुर्गने मोठ्या काचांच्या आणि अखंड सखल तळाच्या गाड्या आणल्या. व्हिएन्नाने त्याच दशकात याहून पुढचे पाऊल टाकले. तेथील ‘उल्फ’ या गाडीत नेहमीच्या बोगी नाहीतच. डब्यांच्या सांध्यांत उभ्या कमानी आहेत, चाके त्या कमानींना लटकलेली आहेत आणि मोटरी उभ्या बसविल्या आहेत. त्यामुळे दारातील उंची अवघी २० सेंटिमीटरच्या आसपास, म्हणजे साध्या पदपथाहून थोडीच अधिक आली.

४. ‘शंभर टक्के’ म्हणजे कशाचे?

या गाड्यांचे वर्गीकरण ‘सत्तर टक्के सखल’ आणि ‘शंभर टक्के सखल’ असे करण्याची रूढी आहे. भाषेच्या अभ्यासकाला येथे थोडे थांबावेसे वाटते. टक्केवारी ही नेहमी कशाची तरी असते. ते ‘कशाची’ गाळले की आकडा निरपेक्ष वाटू लागतो. येथे मोजली जाते ती सखल वाटेची लांबी. बसण्याच्या जागा मोजल्या जात नाहीत.

साधा हिशेब करून पाहू. चाकाचा व्यास ६० सेंटिमीटर आणि तळाची उंची ३५ सेंटिमीटर असेल, तर चाकाचा माथा तळाच्या २५ सेंटिमीटर वर येतो. शिवाय त्यावर झाकण आणि स्प्रिंगांच्या हालचालीसाठी जागा लागते. म्हणजे ‘शंभर टक्के सखल’ गाडीतही प्रत्येक चाकाच्या जागी तळातून वर आलेली एक पेटी असतेच. या पेट्यांवर आसने बसवितात. त्यांतील कित्येक आसनांवर बसण्यासाठी एक पायरी चढावी लागते आणि दोन पेट्यांमधील वाट अरुंद होते. जेथे रुळांमधील अंतर १४३५ मिलिमीटर आहे तेथे ही वाट कशीबशी साधते. झ्यूरिक, बाझल किंवा हेलसिंकी यांच्यासारख्या १००० मिलिमीटर रुंदीच्या मार्गांवर ती साधणे फार कठीण जाते. तेव्हा ‘शंभर टक्के’ या शब्दांनी गाडी पायरीमुक्त झाली असे समजू नये; मधली वाट तेवढी पायरीमुक्त झाली, एवढाच त्यांचा अर्थ.

५. टपावरचा भार

तळाखालची जागा गेल्यावर तेथील यंत्रसामग्री कोठे ठेवावयाची, हा पुढचा प्रश्न. तिला वर जाण्यावाचून गत्यंतर नव्हते. विजेचे रूपांतर करणारी उपकरणे, गतिरोधाची उष्णता बाहेर टाकणारे रोधक, हवा थंड करणारी यंत्रे ही सर्व टपावर चढली. हे शक्य झाले ते विद्युत्‌शास्त्रातील प्रगतीमुळे. घनावस्थेतील विद्युत्‌-घटकांच्या साहाय्याने सरळ प्रवाहाचा त्रिकला प्रवाह करणे १९८० नंतरच्या दशकात व्यवहार्य झाले, जुन्या जड मोटरींच्या जागी लहान आणि देखभालीस सोप्या मोटरी आल्या, आणि त्यामुळेच त्या चाकांच्या बाजूला किंवा आसनांखाली लपविता आल्या. १९१२ मध्ये जे मध्यभागापुरतेच साधले ते १९९० मध्ये सर्वत्र का साधले, याचे उत्तर यातच आहे.

परंतु टपावर गेलेला भार तेथे निमूट बसून राहत नाही. गाडीचा गुरुत्वमध्य वर सरकतो, वळणात छताला आणि सांध्यांना अधिक ताण सोसावा लागतो. यातच दुसरा एक बदल मिसळला. जुनी बोगी डब्याखाली खिळीवर फिरत असे आणि वळणात डब्याआधी स्वतः वळत असे. फिरणाऱ्या बोगीला चाके आत-बाहेर होण्यास जागा लागते आणि तेवढी मधली वाट आकुंचित होते. म्हणून अनेक रचनाकारांनी बोगी लहान डब्याखाली जवळजवळ घट्ट बसविली आणि अशा दोन डब्यांमध्ये चाके नसलेला लांब डबा लटकता ठेवला. त्यामुळे वळणाच्या तोंडाशी चाकांबरोबर सारा डबाच एकदम बाजूला ढकलला जातो. तो धक्का रूळही सोसतात आणि डब्याचा सांगाडाही सोसतो.

२००४ मध्ये या ताणाचे परिणाम उघड झाले. सीमेन्स कंपनीच्या ‘कोम्बिनो’ या गाड्यांच्या ॲल्युमिनियमच्या सांगाड्यांत सांध्यांपाशी भेगा आढळल्या, आणि १,२०,००० किलोमीटरहून अधिक धावलेल्या गाड्या सेवेतून काढण्याची सूचना कंपनीला द्यावी लागली. उलटसुलट वळणांतून जाताना सांगाड्याला पडणारा पीळ मूळ हिशेबात कमी धरला गेला होता. दुरुस्त्या झाल्या, त्या कुळातील गाड्या आजही धावत आहेत. पण तळ खाली आणल्याची किंमत छतापाशी मोजावी लागते, हे त्या घटनेने सर्वांच्या लक्षात आणून दिले.

आणखी एक स्थलांतर सहसा कोणाच्या नजरेस येत नाही. जुन्या आगारांत कामगार गाडीखालच्या खड्ड्यात उतरून दुरुस्ती करीत. नव्या गाड्यांसाठी टपाच्या उंचीवर सज्जे बांधावे लागले. प्रवाशाच्या पायरीपैकी काही भाग अशा रीतीने कामगाराच्या शिडीत रूपांतरित झाला.

प्राग आणि रीगा येथे धावणाऱ्या श्कोडा कंपनीच्या ‘१५-टी’ गाडीत या अनुभवाचे फळ दिसते. तेथे बोगी पुन्हा फिरत्या केल्या आहेत आणि त्यांतील मधल्या बोगी डब्यांच्या सांध्यांखाली ठेविल्या आहेत. सोळाही चाकांना स्वतंत्र मोटर आहे. त्यामुळे तळ सर्वत्र एकसारखा मात्र राहिला नाही : दारापाशी तो ३५ आणि बोगींवर ४५ सेंटिमीटर आहे, आणि मधला फरक सौम्य उताराने सांधला आहे. ज्या शहराचे मार्ग जुने व वळणे तीव्र आहेत त्याने रुळांचे रक्षण करावे आणि बदल्यात आत थोडा चढ पत्करावा, असा हा तोडगा होय. पायरीचा उतार केला तर खुर्ची अडत नाही, हे यातील मर्म.

६. गाडी आणि फलाट

आतापर्यंत गाडीचा विचार झाला. पण पायरी ही दोन पातळ्यांमधील फरकाचे नाव आहे, आणि त्यांतील एकच पातळी गाडीची असते. दुसरी थांब्याची.

या दृष्टीने दोन शहरे शेजारीशेजारी ठेवून पाहावीत. इंग्लंडमधील मँचेस्टर येथे १९९२ मध्ये ट्राम सुरू झाली, ती उंच तळाची. जुन्या रेल्वेमार्गांवरील उंच फलाट तिला वारशाने मिळाले होते, म्हणून शहराच्या मध्यभागीही उंच फलाट बांधले गेले. तेथे गाडी सखल नाही, तरीही दारात पायरी नाही. याउलट मेलबर्न येथे २००१ पासून सखल तळाच्या गाड्या येऊ लागल्या. परंतु त्या शहराचे बहुसंख्य थांबे रस्त्याच्या मध्यभागी, डांबराच्या पातळीवरच होते. तेथे गाडी सखल आहे, तरीही पायरी उरते. तर्कशास्त्राच्या भाषेत सांगावयाचे तर, तळाची सखलता ही पायरीविरहित प्रवासाची आवश्यक अटही नाही आणि पर्याप्त अटही नाही. शहराच्या चालू रस्त्यांत उंच फलाट बांधण्यास जागा नसते, म्हणून ती सोयीची अट आहे, इतकेच.

थांबा आणि गाडी यांचा संबंध बेरजेचा नसून गुणाकाराचा असतो, हेही येथे लक्षात घेतले पाहिजे. समजा, एखाद्या शहराच्या निम्म्या गाड्या सखल आहेत आणि निम्मे थांबे समतल आहेत. वाचणाऱ्याला वाटेल, काम निम्मे झाले. पण खुर्चीतील प्रवाशाला सखल गाडी आणि समतल थांबा ही दोन्ही एकाच वेळी मिळण्याचा संभव एक-चतुर्थांश. आणि उतरावयाचा थांबाही समतल असण्याचा संभव धरला तर एक-अष्टमांश. मेलबर्न ज्या प्रांतात आहे त्या व्हिक्टोरियाच्या महालेखापरीक्षकांनी २०२० मध्ये नेमका हाच हिशेब केला, आणि २०१८-१९ या वर्षी समतल थांब्यावर सखल गाडी मिळाली अशा फेऱ्यांचे प्रमाण अवघे १५ टक्के निघाले. त्या देशाने २००२ मध्ये केलेल्या नियमांप्रमाणे बहुतेक सर्व थांबे २०२२ अखेर सुगम व्हावयाचे होते; ती मुदत पाळली गेली नाही. गाड्यांची संख्या सांगणारा आकडा आणि प्रवासाची शक्यता सांगणारा आकडा यांत किती अंतर असू शकते, याचे याहून बोलके उदाहरण सापडणे कठीण.

समतलता म्हणजे तरी किती? अमेरिकेतील १९९० च्या अपंगविषयक कायद्यास अनुसरून केलेल्या नियमांत, नव्या स्थानकावरील अशा गाड्यांसाठी उभा फरक सुमारे १६ मिलिमीटर आणि आडवी फट सुमारे ७६ मिलिमीटर यांहून अधिक नसावी, असे म्हटले आहे. हे ऐकण्यास सोपे आहे, राखण्यास नाही. गाडी भरली की स्प्रिंगा दबतात आणि तळ खाली येतो. चाके झिजतात : ६० सेंटिमीटर व्यासाचे चाक झिजून ५४ सेंटिमीटर झाले की तळ ३ सेंटिमीटर खचतो. फलाट तर हलत नाही. म्हणून स्प्रिंगांची उंची राखणारी योजना हवी, झिजलेल्या चाकांबरोबर उंची समायोजित करण्याची शिस्त हवी, आणि थांबे शक्यतो सरळ मार्गावर हवेत. कारण वळणावर दार आणि फलाट यांमधील फट रुंदावते.

या बाबतीत ट्रामला बसपेक्षा एक स्वाभाविक लाभ आहे. बस फलाटाच्या किती जवळ थांबेल हे दर वेळी चालकाच्या कौशल्यावर आणि मध्ये उभ्या असलेल्या वाहनांवर अवलंबून असते. ट्राम रुळांनी बांधलेली असल्यामुळे ती दर वेळी त्याच रेषेवर येते. एकदा नीट मोजून बांधलेली फट पुढेही तेवढीच राहते. रूळ हे ट्रामचे बंधन मानले जाते. खुर्चीतील प्रवाशाच्या दृष्टीने ते एक आश्वासन आहे.

७. उपसंहार

आपल्या वाचकाला या विषयाचे अगत्य का असावे? मुंबईत १८७४ मध्ये घोड्यांची, १९०७ मध्ये विजेची ट्राम सुरू झाली आणि ३१ मार्च १९६४ रोजी ती बंद पडली. जिनिव्हाची सखल गाडी त्यानंतर बरोबर वीस वर्षांनी आली. म्हणजे मुंबईने ट्राम सोडली ती पायऱ्या चढून जावयाची ट्राम होती. पायरीविरहित ट्रामचा अनुभव मराठी भाषकाला आपल्या शहरात कधी मिळालाच नाही. परंतु प्रश्न ट्रामबरोबर गेला नाही. मुंबईच्या उपनगरी रेल्वेत गाडीचा तळ आणि फलाट यांमधील पोकळीत पडून प्रवासी जखमी झाले, मृत्यू पावले. २०१४ नंतर न्यायालयाच्या देखरेखीखाली फलाट उंचावण्याचे काम हाती घ्यावे लागले. तेथेही गाडी निर्दोष होती आणि फलाटही आपल्या परीने निर्दोष होता. दोष दोहोंच्या मधल्या जागेत होता, आणि मधली जागा कोणाच्याच खात्यात नोंदलेली नसते. आपल्या देशाने २०१६ च्या अपंग व्यक्ती हक्क अधिनियमाने वाहतुकीची सुगमता हा हक्क मानला आहे. तो अमलात आणताना आपण सखल तळाच्या किती बसगाड्या घेतल्या, मेट्रोच्या किती स्थानकांत उद्वाहक बसविले, अशीच मोजणी करू लागलो, तर मेलबर्नचीच चूक आपल्या हातून होईल. मोजावयाचे असेल तर घराच्या दारापासून कामाच्या दारापर्यंतचा एक प्रवास मोजावा, आणि त्यात पायरी कोठे आहे ते पाहावे.

सखल तळाच्या ट्रामचा चाळीस वर्षांचा इतिहास हा पायरीच्या प्रवासाचा इतिहास आहे. ती दारातून डब्यात गेली, डब्यातून चाकांच्या पेटीवर, तेथून टपावर, रुळांवर, आगारात आणि शेवटी रस्त्यावर. प्रत्येक ठिकाणी ती कोणाला तरी चढावी लागली. परंतु यंत्रशास्त्रज्ञाला, कामगाराला किंवा नगरपालिकेच्या तिजोरीला जी पायरी चढता येते, ती खुर्चीत बसलेल्या माणसाला चढता येत नाही. म्हणून ती कोणी चढावयाची हे ठरविणे हा केवळ यंत्ररचनेचा प्रश्न उरत नाही. भाषेच्या अभ्यासकाने याबाबत एवढेच सुचवावे की, ‘पायरीविरहित’ हे विशेषण आपण गाडीला न लावता प्रवासालाच लावावे. विशेषण योग्य नामाला जोडले म्हणजे मोजमापही योग्य गोष्टीचे होऊ लागते.